डोहातलं बेणं

मत्स्यखात्यात नोकरी लागली तेव्हा आपल्याला एखाद्या बंदरावर नेमतील अशी माझी समजूत होती. आमचं घर खाडीकाठचं, वडील होडीवर, आणि मुलाखतीत साहेबांनी जाळ्यांची नावं विचारली ती मी एका दमात सांगितली होती. नेमणुकीचं पत्र आलं ते अहमदनगर जिल्ह्याचं. पारनेर तालुक्यात एक नवा तलाव झाला होता. त्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायची आणि वाढवायची, असं काम होतं. साल बहात्तर.

वडिलांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"तिथे मासे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"तलाव आहे," मी म्हणालो.

"तलाव आहे ते कळलं. मासे आहेत का?"

मला माहीत नव्हतं. पण आमच्या खाडीत तरी कुठे उरले होते? भातशेती वाढवायची म्हणून खाडीच्या वरच्या फाट्यावर काही वर्षांपूर्वी बांध घातला गेला होता. बांधाच्या आत भरतीचं पाणी यायचं थांबलं आणि तिथलं कांदळवन उभ्या उभ्या वाळलं. कांदळ हे चिखलात मुळं रोवून खाऱ्या पाण्यात उभं राहणारं झाड. कोळंबीची, जिताड्याची पिल्लं त्याच्या मुळांतच मोठी होतात. वाळलेलं लाकूड चुन्याच्या भट्टीला गेलं. भात दोन हंगाम बरं आलं, मग जमिनीतून खार वर आला. तोवर खाडीतली कोळंबी गेली होती. वडील होडी घेऊन पहाटे जायचे आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन यायचे. म्हणून तर मी नोकरी धरली.

कल्याण-नगर एसटीने माळशेज घाट चढून गेलो. घाटमाथ्यावर थोडं हिरवं होतं, पुढे तेही संपलं. मुळा नदीच्या काठचं ते गाव. तलाव गावापासून मैलभर. मी पोचलो त्याच दिवशी संध्याकाळी तो पाहायला गेलो. मातीचा नवाकोरा बांध होता आणि आत भेगाळलेली जमीन. मधोमध चार शेळ्या काहीतरी हुंगत होत्या.

नगरच्या कचेरीत कळवलं. उत्तर आलं की मुक्काम हलवू नये, पाणी येताच बीज पाठवण्यात येईल, दर आठवड्याला अहवाल द्यावा. मी दर आठवड्याला अहवाल देऊ लागलो. त्यात एकच वाक्य असायचं.

राहायला खोली मिळाली ती एका माळकरी शेतकऱ्याच्या घरात. माणसं चांगली होती. पण माझं बोलणं त्यांना हसू आणायचं, नाकातून हेल काढून बोलतो म्हणायची. मुलं माझी नक्कल करत. मग मी बोलणं कमी केलं. काही दिवस असे जायचे की सकाळी मालकांना "नमस्कार" म्हटलं की तोंड बंद ते दुसऱ्या दिवशीपर्यंत. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं असायचं. दुपारी रस्त्याने चाललो तर माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा.

मला सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच होतं. खाडीकाठच्या माणसाच्या अंगात भरती-ओहोटी असते. आज कोणती तिथी, भरती कधी लागणार, हे आम्हाला विचार न करता कळतं. पारनेर तालुक्यात त्याचा काही उपयोग नव्हता, पण ते थांबेना. कोरड्या तलावाच्या बांधावर बसलेलो असताना मनात यायचं, आता घरी पाणी चढत असेल, आता होड्या तरंगल्या असतील. हे सांगायचं कुणाला?

आईने सुके बोंबील दिले होते. पहिल्यांदा एक भाजायला घेतला तेव्हा मालक दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले. शिकलेल्या सगळ्यांना ते मास्तर म्हणत. "आमच्या घरात हे चालत न्हाई. तुमी बाहेर कुठं बी खावा, आमचं काई म्हननं न्हाई."

तेव्हा मी बोंबील कागदात गुंडाळून नदीकडे निघालो. नदी म्हणजे वाळू आणि धोंडे. पात्रातून वरच्या अंगाला चालत गेलो. गावापासून तासाभराच्या अंतरावर पात्र एका काळ्या कातळाला वळसा घालतं. तिथे आडोसा बघून काटक्या पेटवल्या आणि बोंबील भाजला. वास चांगलाच पसरला असणार, कारण थोड्या वेळाने कातळावरून आवाज आला.

"काय भाजताय?"

वर एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याला मळका पटका. मी त्याला अर्धा बोंबील दिला. त्याने चावून चावून खाल्ला.

"मासा हाय," तो म्हणाला, "पन लई खारट. कुठला?"

"समुद्रातला."

"समुद्र मी पाह्यला न्हाई." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीच का ते मासळीचं सायेब? बिनपान्याचं?"

गावात माझं हेच नाव पडलं होतं. मी हो म्हणालो. तो हसला नाही. म्हणाला, "या, दाखवतो."

तो त्या गावचा भोई. नदीवर मासे धरणारं ते एकच घर तिथे होतं. मी त्याला पुढे मामा म्हणू लागलो आणि त्याच्या बायकोला मामी. तो मला शेवटपर्यंत सायेबच म्हणाला.

कातळाच्या पलीकडे डोह होता. खाडी सोडल्यापासून एवढं पाणी मी पाहिलं नव्हतं. खळ्याएवढा असेल, हिरवट काळा, कातळाच्या सावलीत. काठावर शेंदूर लावलेले सात दगड मांडले होते, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. मामाने खिशातून ज्वारीचे चार दाणे काढून टाकले. पाणी हललं. आधी लहान मासे आले, मग खालून एक लांब तांबूस पाठ वर आली आणि वळून गेली. खडची, म्हणजे महसीर, होती ती. हातभर लांब, रुपयाएवढ्या खवल्यांची. आजवर नुसती पुस्तकात पाहिलेली.

"ह्यात मरळ हाय, वाम हाय, शिवडा हाय, खडची हाय," मामा म्हणाला. "खाली राहुरीच्या अंगाला बी कोरडं, वर बी कोरडं. नदीचं बेनं तेवढं ह्यात उरलंय."

बेणं हा शब्द मला तिथेच कळला. उसाची लागण करायला शेतकरी जी कांडी राखून ठेवतो ते बेणं. कितीही अडचण आली तरी ते गाळपाला घालत नाहीत.

"पुढल्या साली पानी आलं तर मासं कुठनं येतील, सायेब? आभाळातनं?"

तो स्वतः त्या डोहात जाळं टाकत नव्हता. दोघं नवरा-बायको खडी फोडायला जात होते. कामाला सुट्टी असली की तो येऊन कातळावर बसायचा, कुणी मासे मारायला येऊ नये म्हणून. बाकीच्या दिवशी राखायला कुणी नव्हतं.

"मी बसेन," मी म्हणालो. "मला काही काम नाही."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी डोहावर जाऊ लागलो आणि दिवस मावळता परत येऊ लागलो. कातळावर चुन्याने एक रेघ मारली. आठ दिवसांनी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. दुसरी रेघ मारली. अहवालात लिहायला आता काहीतरी होतं. नदीतला डोह, त्यातल्या माशांच्या जाती, पाण्याची पातळी असं सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं की सदर डोह आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही.

डोहावरचे ते दिवस लांबच लांब होते. माणूस दिसायचं ते बायका पाण्याला आल्या की. मामीने त्यांना डोहाच्या बाजूला वाळूत झिरा खणून दिला होता. त्यात निवळ पाणी झिरपायचं. बायका वाटीने ते घागरीत भरत, डोहात कुणी उतरत नसे. माझ्याशी त्या बोलत नसत. परका पुरुष दगडावर बसून पाण्याकडे बघतोय, काय बोलणार? मी पाठ करून बसायचो. घागरी गेल्या की पुन्हा मी, खंड्या पक्षी आणि सात दगड.

बहात्तर साल सरलं. फाल्गुनात एका दुपारी कामावरचे सात-आठ जण डोहावर आले. दोन बायाही होत्या. शेजारच्या तालुक्यातले होते, कामासाठी इकडे पालं ठोकून राहिलेले. एकाच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. विहिरीच्या कातळाला लावायच्या सुरुंगाची दारू. ती पाण्यात उडवली की डोहातला झाडून सगळा मासा पोट वर करून तरंगतो. लहानमोठा, अंड्यासकट. आमच्या खाडीतही बाहेरून आलेल्यांनी हे केलं होतं.

मी काठावर जाऊन उभा राहिलो. सरकारी माणूस असल्याचं सांगितलं.

त्यातली एक बाई पुढे आली. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल. खडी फोडून फुटलेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"सरकारी हायेस तर बरं झालं," ती म्हणाली. "मला सांग, सरकारला मासं मोठं का मानसं?"

"माणसं," मी म्हणालो.

"मग हो बाजूला."

मी बाजूला झालो नाही. सकाळी मी भाकरी खाऊन आलो होतो. ती बहुतेक रेशनवरच्या तांबड्या मिलोची, परदेशी ज्वारीची, पेज पिऊन आली असावी, तीही अर्धी. मी तसाच काठावर उभा राहिलो.

त्या दिवशी मामा कामावरून लवकर सुटला हे नशीब. तो धावत आला नाही. नेहमीसारखा चालत आला, त्या लोकांशेजारी खाली बसला, त्यांचं गाव विचारलं, कुळी विचारली. मग म्हणाला, "तुमाला मासंच पायजे ना? मी देतो. ह्या डोहाच्या वर अर्ध्या कोसात पाच डबकी हायेत, गुडघाभर पान्याची. पंधरा दिसात आटनार. त्यातला मासा तसा बी मरनार. तो समदा तुमचा. मी काढून देतो, जाळं माझं. पन ह्यात दारू टाकायची न्हाई."

"आन डबकी सपली की?" त्या बाईने विचारलं.

"सपली की सपली. मी खोटं न्हाई बोलत. पन हा डोह उडिवला तर तो बी दोन दिसात सपंल, आन पुढल्या साली तुमाला न्हाई, मला न्हाई, कुनालाच न्हाई."

ते लोक आपसात बोलले. फडक्यातली दारू गडी परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून मामा आणि मी डबक्यांतला मासा काढू लागलो. जाळं ओढायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. कितीतरी दिवसांनी माझे हात ओळखीचं काम करत होते. मासा आम्ही कामाच्या ठिकाणी नेऊन पालापालांत वाटला. ती बाई तिच्या वाट्याचा घेताना म्हणाली, "तुला ठेवला का?" मी हो म्हणालो. ते खरं नव्हतं. आमच्या मालकांच्या घरूनही एकदा निरोप आला की घरात कुणीतरी आजारी आहे, औषधाला थोडा मासा मिळेल का. मी पानात गुंडाळून परसदाराने नेऊन दिला. त्यावर पुढे कुणीच काही बोललं नाही.

चैत्रात डोह निम्म्याहून कमी झाला. पाणी गरम लागायचं. दुपारी मासे तोंडं वर काढून हवा घेत. मामाने आणि मी बाभळीच्या फांद्या तोडून पाण्यावर सावली केली. झिऱ्यासारखे खड्डे डोहाच्या वरच्या बाजूला खणले, त्यातून थोडं गार पाणी आत झिरपू लागलं. तरी रोज सकाळी दोन-चार मासे मेलेले सापडत. एकदा एक मोठी खडची सापडली. मामा तिच्यापाशी उकिडवा बसला. तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "भरल्याली हुती." मामीने ती उचलून पाण्याला आलेल्या एका बाईला दिली.

याच दिवसांत वडिलांचं पोस्टकार्ड आलं. ते स्वतः लिहीत, मोठ्या अक्षरात, त्यामुळे कार्डावर फार मावत नसे. लिहिलं होतं, उधाणात बांध फुटला. गावाची बैठक झाली. निम्मे म्हणाले बांधा, निम्मे म्हणाले फुटला तो राहू दे. पाणी आत येऊ दे असे ठरले. आषाढात कांदळाच्या शेंगा पिकून पडतील त्या आतल्या चिखलात लावायच्या आहेत. मजूर मिळत नाही. तू यावे.

ते कार्ड मी खिशात ठेवलं आणि कितीदा तरी काढून वाचलं. वडिलांनी मला आजवर कशासाठीही बोलावलं नव्हतं. मी रजेचा अर्ज केला. कधी नव्हे ती रजा लगेच मंजूरही झाली.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "जावा. बाप हाय."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "फकस्त चढनीचा मासा तेवढ्यात येईल."

नदीला नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. उथळ पाण्यातून उड्या मारत जातात, पोटं भरलेली असतात, त्यांना दुसरं काही सुचत नाही. लोक काठ्या, टोपल्या, धोतरं घेऊन उभे राहतात. हाताने धरता येतात. एरवीच्या वर्षी कितीही मारले तरी मागून येणारे असतात. त्या वर्षी मागून येणारं कुणी नव्हतं. डोहात जे जगलं होतं तेवढंच वर चढणार होतं. डोहाच्या वर मैलभरावर एक जुना दगडी बंधारा होता आणि त्याला एकच खिंडार होतं. सगळा मासा तिथूनच जाणार होता.

"तुम्ही एकट्याने राखाल का?" मी विचारलं.

"बघू की," मामा म्हणाला.

चार दिवस मी विचार केला. आमच्याकडे पावसाळ्यात दर्यात जात नाहीत, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच होड्या बाहेर पडतात. लहानपणी मी वडिलांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "मासळी बाळंत असते रे. दार लावून घ्यायचं आपण." हेच मला आठवत राहिलं आणि मी रजा रद्द केली. वडिलांना कळवलं की इथलं काम सोडता येत नाही. काय काम ते कार्डावर लिहिलं, पण वाचल्यावर मलाच ते पोकळ वाटलं. स्वतःची खाडी सोडून दुसऱ्याची नदी राखायला बसलेला मुलगा. तरी टाकलं पेटीत.

मी सरपंचांकडे गेलो. खूप दिवसांनी इतकं सलग बोललो. माझ्या हेलाला ते हसले नाहीत. पहिले तीन दिवस बंधाऱ्यावर कुणी मासा मारू नये अशी दवंडी द्या, एवढंच मी मागितलं. ते म्हणाले, "दवंडी देतो. ऐकतील का न्हाई ते माझ्या हातात न्हाई."

पाणी आलं तेव्हा गावावर आभाळ कोरडंच होतं. वर कोतूळकडे, डोंगरात पाऊस झाला होता. आधी लांबून खळखळाट ऐकू आला, मग वाळूवरून फेसाळ, काटक्या वाहत आणणारी गढूळ जीभ पुढे सरकत आली. मी कातळावर उभा होतो. पाणी डोहाला मिळालं, चुन्याच्या रेघा एकेक करून बुडाल्या आणि मी बंधाऱ्याकडे पळालो.

तिथे पंचवीस-तीस लोक जमले होतेच. दवंडी ऐकून बरेच जण नुसते बघायला आले होते, पण काहींच्या हातात काठ्या होत्या. मामा खिंडारात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि मामी काठावर. मीही उतरलो. थोड्या वेळाने मासे आले. पायांना धडका बसू लागल्या. मरळ घोट्यांवरून सरपटत गेली. एका खडचीने उडी मारली, बंधाऱ्याच्या दगडावर आपटली, खाली पडली, पुन्हा उडी मारली आणि पार झाली. काठावरचा कुणीतरी म्हणाला, "गेली बगा."

दुपारपर्यंत लोकांनी आमचं ऐकलं. मग खालच्या गावाहून मामाचा मेहुणा, मामीचा सख्खा भाऊ, दोघातिघांना घेऊन आला. खांद्यावर जाळं होतं. तोही भोईच, त्याचंही पोट नदीवर.

"दाजी, बाजूला व्हा," तो म्हणाला.

"तीन दिस थांब," मामा म्हणाला.

"तीन दिसानी काय, चिखल धरू? वरीसभर खडी फोडली. आज मासा आलाय. आपला धंदा हाय ह्यो. तुमी भोई हाय का कोन हाय?"

मामा खिंडारातून हलला नाही. मेहुण्याने मामीकडे पाहिलं. "अक्के, तू तरी सांग."

मामी काठावरून उतरली, पाण्यात आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली. लुगडं कमरेपर्यंत भिजलं. तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मेहुणा बराच वेळ उभा होता. मग त्याने जाळं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "आमच्या दारात येऊ नका आता." तो खालच्या बाजूला निघून गेला, तिथे त्याने जाळं लावलं आणि जेवढा मासा मिळाला तेवढा धरला. ती जागा आम्ही राखू शकलो नाही. संध्याकाळी काठ्यावाल्यांनीही काही मारले. तीन दिवसांत किती वर गेले आणि किती राहिले, मला सांगता येणार नाही. मामाचा अंदाज होता, निम्मे.

श्रावणात वडिलांचं कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या. शेंगा लावल्या. तू असतास तर बरे झाले असते.

मेहुण्याने बोलला शब्द खरा केला. त्या वर्षी मामाच्या घरी पावणेरावळे आले नाहीत. साखरपुड्याचं, लग्नाचं आवतण आलं नाही. पंचमीला मामी माहेरी गेली नाही. मी एकदा म्हटलं की माझ्यामुळे झालं, तर ती म्हणाली, "तुमच्यामुळं कशाला? मी माझ्या पायानं उतरले पान्यात." तिने मला भाकरी वाढली आणि तो विषय तिथेच संपला. पण भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा तिला ओसरीवर एकटी बसलेली मी पाहिली. रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

दिवाळीच्या सुमाराला मामाने मला वरच्या पात्रात नेलं. बंधाऱ्यापासून पुढे कोसभर आम्ही चाललो. प्रत्येक खोलगट जागी, झुडपांच्या मुळाशी, पिल्लं होती. मामा ओंजळीत पाणी घेऊन माझ्यासमोर धरायचा. त्यात भाताच्या लोंबीएवढे मासे वळवळत. "ही मरळीची. ही खडचीची, ही बगा काळी रेघ." तो दर दहा पावलांवर थांबून दाखवत होता. माझ्या अहवालात ते मी लिहिलं नाही. कार्यक्षेत्रात येत नव्हतं.

तलावात पाणी आलं, बीज आलं, मी ते सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली ती जिल्ह्याच्या पूर्वेकडे, दुसऱ्या एका तलावावर. जाण्याआधी पंधरा दिवस घरी गेलो.

वडील मला होडीतून फुटलेल्या बांधाच्या आत घेऊन गेले. ओहोटी होती. चिखलात गुडघ्याएवढी रोपं उभी होती, दोन-दोन, चार-चार पानांची. ओळी वाकड्यातिकड्या होत्या, मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, काहींना खोडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी वजनाने आडवं केलं. वडिलांनी दोन शेजाऱ्यांना घेऊन एवढं लावलं होतं. त्यांची पाठ आता सरळ होत नव्हती.

"तुझ्या नदीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. दारू घेऊन आलेल्या लोकांचं, मेलेल्या खडचीचं, मामीच्या भावाचं. ते वल्हं मारत ऐकत होते.

"त्या बाईचा भाऊ परत आला का?"

"नाही."

त्यांनी होडी एका मोकळ्या जागेपाशी वळवली. मग म्हणाले, "आमच्याकडेही निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. फुटलेला बांध तसाच राहू द्या म्हटलं म्हणून."

हे त्यांनी कधी कार्डावर लिहिलं नव्हतं. त्या वर्षभर ते खाडीवर आणि मी नदीवर, दोघंही एकटेच होतो आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आम्हाला तशी सवय नव्हती. मोकळ्या जागा बघून मी म्हणालो, "या आषाढात मी रजा घेतो."

"मिळाली तर घे," ते म्हणाले.

मिळाली. आठ दिवस आम्ही दोघांनी चिखलात शेंगा रोवल्या. त्यातल्या बऱ्याच जगल्या. वडील गेले तोवर रोपं डोक्याच्या वर गेली होती आणि त्यांच्या मुळांत पुन्हा कोळंबी दिसू लागली होती, पूर्वीइतकी नाही.

मामाच्या गावी मी नंतर एकदाच गेलो, बऱ्याच वर्षांनी. मामा थकला होता. नवीन पाण्याचे तीन दिवस गाव अजून पाळतं, असं त्याने सांगितलं. सगळे पाळत नाहीत, पण पाळतात. बंधाऱ्यावर तो स्वतः आता जात नव्हता, मामी जायची. तिच्या भावाची लेक मधे एकदा येऊन भेटून गेली होती, चोरून. मामी मला तिच्याबद्दलच सांगत राहिली, कशी दिसते, काय नेसली होती, किती वेळ बसली. मी एसटीची वेळ होईपर्यंत ऐकत बसलो.